भेटीचं कारण

गेटवर वही असते. नाव, फ्लॅट, वेळ,
आणि शेवटी एक अरुंद रकाना: भेटीचं कारण.
मी लिहिते, मांजर.
पासवान चष्मा कपाळावर सरकवतो.
काल पण मांजर?
काल पण.
आणि उद्या?
बाबा रे, नऊ दिवस मांजरच आहे.

कन्नमवार नगरात म्हाडाच्या चार मजल्यांच्या जागी
आता तेवीस मजले उभे आहेत.
सोळाव्यावरची पल्लवी ताम्हणकर नवऱ्यासोबत भूतानला गेली.
जाताना म्हणाली, हेमांगीताई, एक दिवसाआड आलात तरी चालेल.
मशीन वेळेवर वाटीत दाणे टाकतं,
पाण्याचं कारंजं आहे, कॅमेरा आहे,
आणि मांजर काय हो, त्याचं तो बघतो.
मी म्हटलं, रोज येईन.
पैसे एक दिवसाआडचे द्या हवं तर.

एकतीस वर्षं मी पालिकेच्या इस्पितळात सिस्टर होते,
पुरुषांच्या वॉर्डात.
सकाळी सातला खाटेखाटेशी एकच प्रश्न,
लघवी झाली का?
भलेभले लाजायचे. एक निवृत्त फौजदार
भिंतीकडे तोंड करून हो म्हणाला, चक्क खोटं,
आणि संध्याकाळी त्याचं पोट मडक्यासारखं टणक.
तेव्हापासून मी उत्तर ऐकत नाही. भांडं बघते.

मुरंबाला तर विचारायचीही सोय नाही.
करड्या पाठीचा, पांढऱ्या मोज्यांचा हा गृहस्थ
दुखणं असं गिळतो
जसं पाहुणे आल्यावर घर आपलं भांडण गिळतं.
पहिल्या दिवशी तो पलंगाखालून फक्त डोळे पाठवायचा.
मी बोलत नव्हते. जमिनीवर बसून मटार सोलत होते, घरून आणलेले.
तिसऱ्या दिवशी एक दाणा त्याने पंजाने लांब उडवला.
ओळख झाली.
वाळूत तीन गोळे. रोज तीन. मी खुरपीने मोजायची
आणि मनातल्या मनात चार्टवर लिहायची.

पाचव्या दिवशी वाटीत दाण्यांचा ढीग,
तीन वेळचा, एकावर एक. मशीनने आपलं काम केलं होतं.
कारंजं गुणगुणत होतं.
कॅमेऱ्याचा हिरवा दिवा रिकाम्या सोफ्यावर पहारा देत होता.
वाळू सगळी उकरलेली, ओलं मात्र काहीच नाही.
तो वॉशिंग मशीनच्या मागे होता,
एकसारखं स्वतःला चाटत.
पोटाला हात लावला
आणि मला फौजदार आठवला.

टॉवेल, बास्केट, रिक्षा. घाटकोपरपर्यंत मी त्याच्याशी
वॉर्डातल्यासारखीच बोलत होते, अहो-जाहो करत.
रिक्षावाल्याने आरशातून दोनदा पाहिलं.
डॉक्टर सालढाणांनी नळी घातली, मोकळं केलं, हात धुतले.
म्हणाले, उद्या आला असतात तर,
आणि पुढचं वाक्य टॉवेलला पुसलं.

भूतानात रेंज रात्री आली.
पल्लवी रडत होती, पुन्हा पुन्हा म्हणत होती,
कॅमेऱ्यात तर सगळं शांत दिसत होतं हो.
शांतच होतं, मी म्हटलं.
रागावले नाही. वॉर्डातही नातेवाईक असंच म्हणायचे.

माझ्या स्वतःच्या घरी
तो सकाळचा प्रश्न मला कोणी विचारत नाही.
त्याचं काही वाटत नाही.
म्हणजे वाटतं, पण ते इथे नको.

आठव्या दिवशी तो दवाखान्यातून परत आला, एक पाय अजून भादरलेला.
नवव्या दिवशी मी वहीपाशी थांबले
आणि त्या अरुंद रकान्यात, ओळ ओलांडून, लिहिलं:
लघवी झाली का, हे बघायला.
पासवानने वाचलं. हसला नाही.
अर्ध्या तासाने खाली उतरले
तर फाटक उघडायचं सोडून
तो खुर्चीतून उठून उभा.
झाली?

झाली, मी म्हटलं. दोनदा.
त्याने पेन उचलून माझी बाहेर पडायची वेळ लिहिली.